घरी बनवलेली मोटर फिरतच नाही? सेल बदलण्याआधी हे वाचा!

एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि मीटरभर तांब्याची तार. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कितीतरी घरांत टेबलावर हाच पसारा मांडलेला असतो. व्हिडिओमध्ये दोन मिनिटांत गरगर फिरणारी मोटर प्रत्यक्षात मात्र ढिम्म हलत नाही.

मग सुरू होते अदलाबदल. आधी सेल बदलला जातो, मग चुंबक बदलला जातो, मग नवी तार गुंडाळली जाते. तरीही मोटर जागची हलत नाही. शेवटी "चुंबकातच दम नाही" असं म्हणून बाजारातून तयार मोटर आणली जाते आणि पुठ्ठ्यावर चिकटवली जाते.

गंमत म्हणजे अशा बहुतेक वेळा सेलही चांगला असतो आणि चुंबकही. चूक असते ती तारेच्या टोकाला, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरच्या जागेत. आणि मोटर कशी अडते आहे हे नीट पाहिलं, तर चूक नेमकी कुठे आहे हे मोटर स्वतःच सांगते. ते कसं ओळखायचं, तेच समजून घेऊया.

आधी एवढं कळायला हवं: मोटर फिरते का?

१८२० साली डेन्मार्कच्या हान्स ओर्स्टेड यांच्या लक्षात आलं की तारेतून वीज वाहिली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज वाहणारी तार चुंबकासारखी वागते. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात लोंबणारी तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. विजेपासून सतत फिरती हालचाल मिळवण्याची ती सुरुवात होती.

घरच्या मोटरमध्येही हेच घडतं. तारेचे दहा-बारा वेढे म्हणजे कॉइल. तिच्यातून वीज वाहिली की ती स्वतःच एक छोटा चुंबक बनते. तिचं एक तोंड उत्तर ध्रुव, दुसरं दक्षिण. खाली ठेवलेला चुंबक यातलं एक तोंड ओढतो आणि दुसरं ढकलतो. त्यामुळे कॉइल वळते.

पण इथेच खरी मेख आहे. ओढलं जाणारं तोंड चुंबकासमोर आलं की कॉइलला पुढे जायचं कारणच उरत नाही. वीज सुरूच राहिली तर चुंबक तिला तिथेच धरून ठेवणार. कॉइल एकदा झटका देणार, जरा डुलणार आणि थांबणार.

म्हणजे मोटर फिरायला वीज सुरू होणं जितकं गरजेचं, तितकंच ती योग्य क्षणी बंद होणंही गरजेचं आहे!

दहावीच्या पुस्तकातल्या विद्युत चलित्राच्या आकृतीत दोन तुकड्यांत कापलेली कडी आणि ब्रश दाखवलेले असतात, ते याचसाठी. ती कडी दर अर्ध्या फेऱ्याला विजेची दिशा उलटी करते. घरच्या मोटरमध्ये एवढी सोय नसते, म्हणून सोपी युक्ती वापरतात. तारेच्या एका टोकावरचं वार्निश अर्ध्याच बाजूने खरवडायचं. उघडं तांबं पिनेला टेकलं की वीज सुरू, वार्निशची बाजू आली की बंद. अर्धा फेरा धक्का मिळतो आणि उरलेला अर्धा फेरा कॉइल आपल्याच वेगाने पार करते.

ही युक्ती ध्यानात राहिली की पुढची तपासणी सोपी होते. फक्त एक नियम पाळायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेल, चुंबक आणि तार एकदम बदलले, तर मोटर चालू झाली तरी का चालू झाली हे कळत नाही. आणि बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिली तपासणी: सेल काढा आणि कॉइल बोटाने फिरवा

सेल आणि चुंबक दोन्ही बाजूला ठेवून रिकामी कॉइल पिनांवर ठेवायची आणि बोटाने हलकेच फिरवायची. चांगली कॉइल काही फेरे सहज मारते आणि कुठल्याही स्थितीत थांबते.

दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल, तर ती बाजू जड आहे. तारेची दोन टोकं कॉइलच्या बरोबर मधून, एका सरळ रेषेत निघायला हवीत. एक टोक जरा वर आणि दुसरं खाली असेल, तर फिरताना कॉइल लंगडते. टोकं हाताने नुसती ताणून भागत नाही. ती पट्टीच्या कडेला लावून सरळ करावी लागतात.

पिनांची भोकं एकाच उंचीवर आहेत का, कॉइल चुंबकाला किंवा सेलला घासत नाही ना, हेही इथेच पाहून घ्यायचं. जी कॉइल बोटाने फिरत नाही, ती एका सेलच्या जोरावर तर मुळीच फिरणार नाही.

दुसरी तपासणी: वीज कॉइलपर्यंत पोहोचते का?

कॉइल मोकळी फिरते आहे, पण सेल जोडल्यावर साधा झटकासुद्धा देत नाही? मग वीज वाटेत कुठेतरी अडली आहे. संशयित तीन.

पहिला संशयित म्हणजे वार्निश. मोटरच्या वाइंडिंगची तार दिसायला तांब्याची उघडी तार वाटते, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो. हा थर नसता तर शेजारचे वेढे एकमेकांना टेकले असते आणि वीज वेढ्यांमधून गोल न फिरता आडवाटेने निघून गेली असती. कॉइलमध्ये हा थर हवाच, टोकांना मात्र तो नको. घाईत नखाने किंवा कात्रीने दोन-चार ओरखडे मारून तो निघत नाही. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर तारेचा रंग बदलतो. गडद लालसर तपकिरी जाऊन फिकट, चकचकीत तांबं दिसू लागतं. ते दिसेपर्यंत घासायचं.

या थराची किंमत कळायला एक जुनी गोष्ट पुरे. अमेरिकेतले लोहार थॉमस डॅव्हेनपोर्ट यांना १८३७ मध्ये विजेच्या मोटरचं पेटंट मिळालं. त्या काळी वार्निश लावलेली तार दुकानात मिळत नव्हती. असं सांगितलं जातं की तारेवर गुंडाळायला त्यांची पत्नी एमिली हिने आपल्या लग्नातल्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या कापून दिल्या होत्या. आज तोच थर तारेवर तयार मिळतो आणि आपलं काम फक्त टोकाचा थर काढणं एवढंच उरतं.

दुसरा संशयित म्हणजे क्लिप. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या रंगीत यू क्लिपांवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. दिसायला छान, पण त्यांच्यातून कॉइलला वीज मिळत नाही. साध्या धातूच्या क्लिपा किंवा सेफ्टी पिना घ्याव्यात. गंज असेल तर तोही घासून काढावा.

तिसरा संशयित म्हणजे सेलची टोकं. पिना चिकटपट्टीने लावताना पट्टीचा कोपरा पिन आणि सेल यांच्यामध्ये अडकतो आणि ते दिसतही नाही. चिकटपट्टीपेक्षा सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबराची रुंद पट्टी बरी. ती पिनांना सेलवर घट्ट दाबून धरते.

यातलं नेमकं काय बिघडलंय हे मल्टिमीटरच्या 'बीप'ने लगेच कळतं. मल्टिमीटर नसेल तर मोबाइल कामाला येतो. चुंबक आधी लांब ठेवायचा, मोबाइलवर होकायंत्राचं ॲप उघडून फोन कॉइलच्या अगदी जवळ धरायचा आणि सेल क्षणभर जोडायचा. जोडताना सुई हलली, तर कॉइलमधून वीज वाहते आहे. ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये पाहिलं, तेच इथे स्क्रीनवर दिसतं.

एलईडी लावून तपासायचा मोह मात्र टाळावा. साधा एलईडी दीड व्होल्टच्या एका सेलवर लागत नाही. त्यामुळे तो लागला नाही म्हणून तार किंवा सेल खराब ठरवणं चुकीचं आहे.

तिसरी तपासणी: अर्धं खरवडलं, पण कुठलं अर्धं?

सगळ्यात जास्त मोटरी अडतात त्या इथे. आणि अडण्याचे प्रकारही वेगवेगळे असतात.

*कॉइल झटका देते, डुलते आणि थांबते.* याचा अर्थ दोन्ही टोकं पूर्ण गोल खरवडली गेली आहेत. वीज बंदच होत नाही, म्हणून चुंबक कॉइलला धरून ठेवतो. यासाठी नवी कॉइल करायची गरज नाही. एका टोकाच्या अर्ध्या बाजूला परमनंट मार्करचा जाड थर किंवा नेलपॉलिश लावून पूर्ण वाळू द्यायचं. गेलेलं वार्निश परत आल्यासारखंच आहे.

*कॉइल कुठल्याच स्थितीत झटका देत नाही, पण दोन्ही टोकं खरवडलेली दिसतात.* मग दोन्ही टोकं अर्धी-अर्धी आणि विरुद्ध बाजूंनी खरवडली गेली असण्याची शक्यता मोठी. डावं टोक पिनेला टेकतं तेव्हा उजवीकडे वार्निश असतं आणि उजवं टेकतं तेव्हा डावीकडे. दोन्ही टोकं एकाच वेळी कधीच टेकत नाहीत. उपाय सोपा आहे. एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरंच फक्त अर्धं ठेवायचं.

*कॉइल झटके देते, पण ढकलूनही वेग घेत नाही.* हा सगळ्यात फसवा प्रकार. इथे अर्धीच बाजू खरवडलेली असते, फक्त चुकीची. बरेच जण कॉइल टेबलावर नाण्यासारखी आडवी ठेवतात आणि टोकाची वरची बाजू घासतात. काम सोपं जातं, पण मोटर फिरत नाही. कारण अशा कॉइलला वीज मिळते ती बरोबर चुंबकासमोर तोंड आलेल्या स्थितीच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे मिळालेला धक्का पलीकडे लगेच परत ओढून घेतला जातो. एकूण हिशेब शून्य!

योग्य पद्धत अशी. नाणं कडेवर उभं करतात, तशी कॉइल उभी धरायची. टोक टेबलाच्या काठावर टेकवायचं आणि फक्त वरची अर्धी बाजू घासायची. असं केलं की चुंबकाचा जोर सर्वात जास्त लागतो त्या स्थितीत वीज सुरू असते आणि कॉइल चुंबकासमोर आडवी आली की बंद होते.

चौथी तपासणी: उलटा धक्का देऊन पाहा

सगळं बरोबर असूनही अशी मोटर बऱ्याचदा आपणहून सुरू होत नाही. कॉइल वार्निशच्या बाजूवर थांबलेली असेल, तर सुरुवातीला वीजच मिळत नाही. म्हणून हलका धक्का द्यावा लागतो.

आणि धक्का कुठल्या बाजूने दिला याला महत्त्व आहे. अर्धी खरवडलेली मोटर एकाच दिशेने फिरू पाहते. उलट दिशेने फिरवली तर वीज तिला मदत करण्याऐवजी ब्रेक लावते. त्यामुळे एका बाजूने ढकलून फिरली नाही, तर दुसऱ्या बाजूने ढकलून पाहायचं. चुंबक उलटा केला किंवा सेलची टोकं बदलली की फिरण्याची दिशाही उलटते. दोन्ही एकदम बदललं तर मात्र दिशा तीच राहते. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांना दाखवायला हा प्रयोग उत्तम.

आता चुंबक आणि सेलकडे वळा

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तरच चुंबकावर शंका घ्यायची. जुन्या स्पीकरमधला काळा फेराइट चुंबक या कामाला पुरतो. फ्रिजवर चिकटवायचे लवचीक, पातळ चुंबक मात्र उपयोगाचे नाहीत. त्यांच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आलटून पालटून असतात, त्यामुळे पृष्ठभागापासून थोडं दूर गेलं की त्यांचा जोर जवळजवळ संपतो.

अंतरही महत्त्वाचं. चुंबकाचा जोर अंतरासोबत झपाट्याने कमी होतो. कॉइल चुंबकाला घासणार नाही, पण काही मिलिमीटरच दूर राहील, अशी ठेवायची.

सेलच्या बाबतीत दोन गैरसमज फार आहेत. एक म्हणजे "घड्याळ चालतंय, म्हणजे सेल चांगला आहे". भिंतीवरच्या घड्याळाला नाममात्र वीज लागते. उतरत आलेला सेलही ते महिनोन्‌महिने चालवतो, पण मोटरला लागणारा प्रवाह देऊ शकत नाही. इथे मोठा, ताजा अल्कलाइन सेल हवा.

दुसरा म्हणजे "९ व्होल्टची बॅटरी लावली की मोटर जोरात पळेल". त्या चौकोनी बॅटरीत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. व्होल्ट जास्त, पण जास्त प्रवाह देण्याची ताकद कमी. अशा मोटरला लावली तर ती लवकरच दमते.

कॉइल गरम होते? मग हात लगेच सेलकडे न्या

कॉइलला किती वीज लागते याचा हिशेब करून पाहा. मोठ्या टॉर्चच्या सेलभोवती दहा वेढे घेतले की साधारण १ मीटर तार लागते. तार अर्धा मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा रोध फक्त ०.०९ ओहमच्या आसपास असतो. १.५ व्होल्टला या आकड्याने भागलं तर कागदावर प्रवाह येतो १६ अँपियरहून जास्त! सेलचा अंतर्गत रोध आणि पिनांचे सैल जोड यांमुळे प्रत्यक्षात तो बराच कमी राहतो. तरीही याचा अर्थ साफ आहे. अडकून थांबलेली कॉइल म्हणजे सेलसाठी जवळजवळ शॉर्टसर्किट.

म्हणून मोटर फिरत नसेल तर सेल जोडलेला ठेवून विचार करत बसायचं नाही. आधी सेल काढायचा, मग विचार करायचा. नाहीतर तार तापते, बोट भाजतं आणि नवा सेल काही मिनिटांत उतरतो.

याच कारणाने तीन गोष्टी पूर्ण वर्ज्य:

• मोबाइल, पॉवरबँक किंवा लॅपटॉपमधले लिथियम सेल वापरू नका. शॉर्ट झाल्यास ते पेट घेऊ शकतात.

• घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला अशी मोटर कधीही जोडू नका. हा जिवावरचा खेळ आहे.

• घरात लहान मूल असेल तर छोटे, चकचकीत निओडिमियम चुंबक टेबलावर सोडू नका. असे दोन चुंबक गिळले गेले तर ते पोटात आतड्यांच्या भिंतींना मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि गंभीर इजा होते. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

फिरली, पण थोड्या वेळाने थांबली?

हे चांगलं लक्षण आहे. म्हणजे रचना बरोबर आहे, काहीतरी झिजतंय किंवा सरकतंय. वीज सुरू-बंद होताना टोकापाशी बारीक ठिणग्या पडतात आणि तांब्यावर काळे डाग येतात. पॉलिश पेपरचा एक हलका हात फिरवला की पुन्हा चालते. तरीही नाही चालली, तर पिना सरकून सैल झाल्या आहेत का पाहायचं आणि मग सेल बदलायचा. सेल बदलण्याचा नंबर इथे लागतो, सुरुवातीला नाही.

हे खेळणं आहे, पण नुसतं खेळणं नाही

सेल, सेफ्टी पिना आणि सायकलच्या ट्यूबचं रबर वापरून होणारी ही मोटर भारतातल्या असंख्य मुलांपर्यंत पोहोचवण्यात अरविंद गुप्ता यांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी बनवली आणि शिकवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. खेळणं मुलाने स्वतः बनवावं, मोडावं आणि परत जोडावं, हा त्यांच्या कामाचा गाभा.

आणि या खेळण्यात जे बिघाड होतात, तेच मोठ्या यंत्रांत होतात. मिक्सर मध्येच ठिणग्या टाकत बंद पडतो, तेव्हा दुरुस्ती करणारा बऱ्याचदा आधी कार्बन ब्रश पाहतो. घरच्या मोटरमध्ये पिना जे काम करतात, तेच मिक्सरमध्ये ब्रश करतात. छताचा पंखा काठीने ढकलल्यावरच फिरायला लागतो, तेव्हा बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. म्हणजे तिथेही सुरुवातीचा धक्का कमी पडतोय. नव्या बीएलडीसी पंख्यात ब्रशही नसतो. वीज कधी कुठल्या वेढ्यांना द्यायची हे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं. अर्धं वार्निश खरवडून जे साधतं, तेच ते सर्किट अचूकपणे करतं.

विहिरीवरची मोटर का जळते, याचं उत्तरही या छोट्या कॉइलमध्ये सापडतं. तीन फेजपैकी एक गेला किंवा पंप अडकला आणि वीज मात्र सुरूच राहिली, तर न फिरणाऱ्या मोटरमध्ये प्रचंड प्रवाह जातो, वार्निश जळतं आणि वाइंडिंग खाक होतं. मग रिवाइंडिंगच्या दुकानाची पायरी आणि पिकाला पाणी द्यायचे दिवस वाया. ही दोन्ही टोकं जोडणारा धडा एकच: मोटर थांबली की आधी वीज तोडायची आणि मग कारण शोधायचं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. वार्निशची तार कुठे मिळेल हा प्रश्न पडला असेल, तर गावातल्या किंवा पेठेतल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात विचारायचं. मीटर-दोन मीटरचे तुकडे तिथे उरलेले असतात. आणि अडलेली मोटर सोबत नेली, तर टोकं नीट खरवडली आहेत की नाही हे तिथले कारागीर एका नजरेत सांगतात.